तात्यांची कृपा

तात्यांनी बशीतल्या चहावर फुंकर घातली आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

"वैजू, गॅस बारीक कर गं," सासूबाई पडवीतूनच ओरडल्या.

"आई, कुकर अजून लावलाच नाही," आतून माझ्या बायकोचा आवाज आला.

दुसरी शिट्टी झाली. ती रस्त्यावरून आली होती आणि इतकी दणदणीत होती, की सोप्यात बसलेल्या आम्हा सात-आठ जणांच्या हातातल्या बशा एकदम थांबल्या. मग कर्ण्याचा आवाज आला.

"किरवली सार्वजनिक वाचनालयाच्या सुजाण सभासद बंधू-भगिनींनो! येत्या रविवारी आपलं बहुमोल मत कुणाला? रघुनाथ तांबट यांच्या कुकरला, कुकरला, कुकरला!"

तात्या म्हणजे माझे सासरे, त्र्यंबकराव कणसे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. बावीस वर्षं वाचनालयाचे अध्यक्ष, आणि ही बावीसही वर्षं बिनविरोध. त्या वर्षी पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या विरोधात उभं राहिलं होतं, आणि तेही भांड्यांच्या दुकानाचे मालक तांबट. तात्यांची निशाणी कंदील होती. साडेचारशे सभासदांच्या वाचनालयाची निवडणूक, पण गाव तापलं होतं आमदारकीसारखं.

"बघू तरी कसली गाडी केलीय," म्हणत तात्या उठले. त्यांच्यामागोमाग सगळे ओट्यावर आले. मीही आलो.

कोपऱ्यावरून एक गाडी वळत होती. तिच्या टपावर पत्र्याचा, चंदेरी रंग दिलेला, माणूस मावेल एवढा कुकर बसवला होता. त्याला काळं हँडल होतं, वर शिट्टी होती, आणि शिट्टी वाजली की आतून धुरासारखं काहीतरी फुस्सकन् बाहेर यायचं. मुलं मागून पळत होती. आणि कुकरच्या खाली असलेली गाडी पिकल्या हापूससारख्या पिवळ्याधमक रंगाची होती. त्या रंगाची गाडी आख्ख्या तालुक्यात एकच होती.

सगळ्यांनी हळूहळू माझ्याकडे माना वळवल्या.

"दुसऱ्या कुणाचीतरी असेल," मी म्हणालो.

गाडी आमच्यासमोरून गेली आणि तिची मागची काच दिसली. काचेवर लाल अक्षरात लिहिलं होतं, 'तात्यांची कृपा'. गाडी घेताना सुरुवातीची रक्कम तात्यांनी दिली होती, म्हणून ते मी स्वतः लिहून घेतलं होतं. आता वर कुकर होता, खाली तांबटांचा हात जोडलेला फोटो होता, आणि मधे तात्यांची कृपा.

तात्यांच्या हातातली बशी तिरकी झाली आणि चहा धोतरावर सांडला. 

* * *

झालं होतं असं. माझा धंदा मोटर रिवाइंडिंगचा. विहिरीवरच्या मोटारी जळल्या की लोक माझ्याकडे घेऊन येतात. दुकानात मी सायकलवर जातो. गाडी घेतली ती वैजूच्या हौसेखातर, आणि रंगही तिनंच निवडला. पण घेतल्यापासून गाडी बाहेर पडली ती दोनदा देवाला आणि एकदा तिच्या मावशीच्या मुलीच्या बारशाला. एरवी ती दारात ताडपत्रीखाली झोपलेली. हप्ता मात्र दर महिन्याला जागा.

शेवटी वैजूच म्हणाली, "अहो, लोक म्हणे आपल्या गाड्या भाड्यानं देतात. चार पैसे सुटतील. तुमच्या त्या यासीनभाऊंना विचारा की."

यासीन शिकलगार माझा शाळेपासूनचा दोस्त. स्टँडसमोर त्याचं ट्रॅव्हल्सचं ऑफिस आहे. मी विचारल्यावर त्यानं कपाळाला हात लावला.

"दिगूशेठ, दोन वर्षं हेच सांगतोय ना मी! ताडपत्रीखाली ठेवून गाडी काय अंडी घालणार हाय? माझ्याकडे सोड. चांगली पार्टी बघून देतो."

सोमवारी त्याचा फोन आला. "एक भारी पार्टी आलीय. पाच दिवस पाहिजे. गाडी गावाबाहेरसुद्धा जाणार नाही. पैसे आगाऊ."

"माणसं कशी आहेत?"

"हात जोडल्याशिवाय बोलत नाहीत."

मला वाटलं, सज्जन असतील. पैसे आले आणि त्याच दिवशी हप्त्यात गेले. पार्टी म्हणजे खरोखरच पार्टी निघेल, हे मला कसं कळणार?

* * *

तर मी तात्यांच्या ओट्यावरून चपला न घालताच धावत सुटलो. पण धावायची गरजच नव्हती. प्रचाराची गाडी ती, बैलगाडीच्या चालीनं चालली होती. दहा पावलांत मी तिला गाठलं आणि खिडकीच्या कडेनं चालू लागलो.

आत चालवायला तांबटांच्या दुकानातला एक माणूस होता. शेजारी मांडीवर माईक घेऊन झुंबर बसला होता. झुंबर म्हणजे गावाचा आवाज. नळाला पाणी कधी येणार, कुणाची म्हैस हरवली, लसीकरण कुठं आहे, सगळं गावाला झुंबरच सांगतो. त्यानं मला पाहिलं आणि माझ्या हातात पत्रक ठेवलं.

"घ्या पाव्हणं. वाचा आणि शेजाऱ्याला द्या."

"झुंबर, गाडी थांबव."

"थांबता येत नाय. पेठ संपवायचीय दुपारपर्यंत."

"अरे ही माझी गाडी आहे!"

"काय म्हणता?"

"माझी गाडी आहे! ही माझी गाडी आहे!" मी जीव खाऊन ओरडलो.

माईक चालू होता. माझा आवाज कर्ण्यातून बाहेर पडला, मारुतीच्या देवळावर आपटला आणि परत माझ्याच कानात आला. किराणा दुकानातली गिऱ्हाईकं वळून बघायला लागली. न्हाव्याच्या खुर्चीतला माणूस अर्ध्या दाढीनं बाहेर आला.

झुंबर हुशार माणूस. त्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि माईक तोंडाशी नेला.

"ऐकलंत, बंधू-भगिनींनो? त्र्यंबकरावांचे जावई, दिगंबरशेठ साळुंखे, स्वतः सांगताहेत, ही माझी गाडी आहे! अहो, घरचा जावई कुकरबरोबर आहे! मग आता तुम्ही कशाची वाट बघताय?"

"मी कुकरबरोबर नाही!" मी ओरडलो. पण नेमकी त्याच वेळी ड्रायव्हरनं शिट्टी वाजवली आणि लोकांना 'कुकरबरोबर' एवढंच ऐकू गेलं. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या.

मला वाटलं, आधी तो माईक हिसकावून घ्यावा. मी मागचं दार उघडून आत शिरलो आणि पुढे वाकलो. झुंबरनं माईक वर धरला. मी त्यासाठी हात वर केला. झुंबरनं माझा हात धरून खिडकीबाहेर काढला आणि हलवला. आता बाहेरून बघणाऱ्याला काय दिसलं? तात्यांचा जावई तांबटांच्या गाडीत बसून गावाला हात हलवतोय. नेमके तेव्हाच आम्ही परत तात्यांच्या घरावरून चाललो होतो, कारण पेठेला गाडी वळवायला दुसरी जागाच नाही. ओट्यावर तात्या उभे होते. त्यांच्या धोतरावर चहाचा डाग होता. आमची नजरानजर झाली, आणि माझा हात झुंबरच्या हातात अजून हलत होता.

तांबट दुकानातच सापडले. त्यांनी मला स्टीलच्या पेल्यातून सरबत दिलं आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"घेऊन जा गाडी, साळुंखे. माझी काही ना नाही. कुकर आत्ता उतरवतो. पण मला एक सांगा, सकाळी गावानं तुम्हाला आमच्या गाडीत बघितलं. संध्याकाळी तुम्ही ती काढून नेलीत, तर लोक काय म्हणतील? म्हणतील, जावई दोन्हीकडून खातोय."

मी सरबताचा घोट घेतला. त्यांचं म्हणणं मला पटत होतं, हीच तर पंचाईत होती.

"आणि आगाऊ दिलेले पैसे तेवढे परत द्या," ते पुढं म्हणाले.

गाडी रविवारपर्यंत त्यांच्याकडेच राहिली.

संध्याकाळी मी तात्यांकडे गेलो तेव्हा सोपा माणसांनी भरलेला होता. वैजू दारातच उभी होती. तिनं डोळ्यांनी मला खुणावलं, आत येऊ नका. पण मी गेलो.

"तात्या, चूक झाली. भाड्यानं दिली होती. कुणाला दिली ते मला माहीत नव्हतं."

"भाड्यानं?" तात्या उभे राहिले. "माझ्या कृपेनं घेतलेली गाडी भाड्यानं?"

"तात्या, कल्पना माझी होती," वैजू म्हणाली.

"तू गप." तात्यांनी हात वर केला. "सगळ्यांसमक्ष सांगतो. आजपासून या माणसाचा आणि माझा संबंध संपला. लेकीनं यावं, जावं. यांनी या उंबऱ्यावर यायचं नाही."

मी घरी आलो. पुढचे तीन दिवस दिवसभर, मी दुकानात मोटारीच्या तारा गुंडाळत बसलो असताना, माझीच गाडी शिट्ट्या मारत माझ्या दुकानासमोरून जायची आणि झुंबर दर वेळी कर्ण्यातून म्हणायचा, "दिगूशेठ, रामराम!"

रविवारी मतदान झालं आणि सोमवारी दुपारी निकाल लागला. तात्या अकरा मतांनी पडले.

त्या अकरा मतांचा हिशोब गावानं माझ्याच खात्यावर लावला. न्हाव्यानं माझी दाढी करायला नकार दिला. गिऱ्हाईकं मोटर घेऊन यायची आणि "सासऱ्याला पाडलंत ना?" असं विचारूनच बोहनी करायची. रात्री मला झोप लागेना. तात्या तसे कडक, पण लग्नात त्यांनी माझ्या पायाला चिखल लागू नये म्हणून स्वतःच्या हातानं फरशी टाकली होती. त्या माणसाची बावीस वर्षांची खुर्ची माझ्यामुळं गेली, या विचारानं घास गिळवत नव्हता.

गुरुवारी सासूबाईंचा फोन आला.

"पाहुणं, दुपारी या. मागच्या दारानं. सायकल लांब लावा."

"तात्या आहेत का घरी?"

"आहेत म्हणून तर या."

वैजू म्हणाली, "जाऊन पाया पडा. शिव्या दिल्या तर ऐकून घ्या. मारलं तर मात्र मागं सरका."

मी परसदारी गेलो तर तात्या पेरूच्या झाडाखाली खाटेवर पाय हलवत बसले होते. हातात पेरू होता. आणि ते चक्क शीळ घालत होते. मला बघून त्यांनी शीळ थांबवली, कुंपणापलीकडे डोकावलं, मग सासूबाईंना विचारलं, "पुढचं दार लावलंय का?"

"लावलंय."

"बसा पाहुणं. पेरू खा."

मी पाया पडायलाच वाकलो. त्यांनी माझे दंड धरून मला उठवलं.

"तात्या, माझ्यामुळं..."

"तुमच्यामुळंच!" ते म्हणाले. आणि हसायला लागले. मी तात्यांना हसताना तोपर्यंत कधी पाहिलं नव्हतं. त्यांना वरचा एक दात नाही, हे मला तेव्हा कळलं. "अहो, दहा वर्षं झाली, मी त्या खुर्चीतून सुटायला बघतोय. दर वेळी म्हणायचो, आता नको. लगेच सगळे हात जोडून हजर. तात्या, तुमच्याशिवाय कोण? बिनविरोध निवडून आलेल्या माणसाला राजीनामासुद्धा देता येत नाही हो. तांबट उभा राहिला तेव्हा मला वाटलं, देव पावला. पण तो बापडा हरणार होता. शेकड्यानं हरणार होता. आणि मग तुमची गाडी आली!"

"म्हणजे तुम्ही चिडला नव्हता?"

"चहा सांडला ना अंगावर, तेवढ्यापुरता चिडलो. मग तुम्ही आतून हात हलवत गेलात. तेव्हा मला इतकं हसू येत होतं, की घरात जाऊन उशीत तोंड खुपसलं. विचारा हिला."

"दोन तास बाहेर येईनात," सासूबाई म्हणाल्या. "लोकांना वाटलं, रडताहेत."

मी पेरू खाल्ला. चार दिवसांनी प्रथमच काहीतरी गोड लागलं.

"आता ऐका," तात्या जवळ सरकून हळू आवाजात बोलू लागले. "लोकांसमोर आपण बोलत नाही. त्या संध्याकाळी संबंध तोडल्याचं नाटक केलं, ते असंच ठेवायचं. तुमच्याशी बोलायला लागलो की परत सगळं सुरळीत झालं असं समजून ही मंडळी खुर्ची घेऊन येणार. कळलं?"

"कळलं."

"दुसरं. गाडी भाड्यानं देता ना?"

"देत होतो. आता नाही देणार."

"का? मला पाहिजे."

"तात्या, तुम्हाला कशाला भाडं? हवं तेव्हा सांगा, मी नेतो कुठं जायचं तिथं."

"मला कुठं जायचं नाही." ते जरासे लाजले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, आणि पेरूच्या देठाशी चाळा करत लाजला. "मला चालवायला शिकायचंय. खात्यात होतो तेव्हा साहेबांच्या जीपमधे मागं बसायचो. फार वाटायचं. पण अध्यक्ष माणूस गावात धडपडत गाडी शिकतोय, बरं दिसतं का? आता मी कुणीच नाही. आणि तुम्ही भाडं घेतल्याशिवाय मी बसणार नाही. फुकट घेतलेल्या गाडीवर मनासारखं ओरडता येत नाही."

* * *

मग आमचा क्रम सुरू झाला. आठवड्यातून दोनदा तात्या मळ्याकडे फिरायला म्हणून निघायचे. मी दुसऱ्या वाटेनं गाडी न्यायचो. पाझर तलावाच्या खाली मोकळं माळरान आहे, तिथं आम्ही भेटायचो. तात्या डोक्याला मफलर गुंडाळून यायचे, म्हणजे कुणी ओळखू नये.

त्यांच्याइतकं वाईट शिकणारा माणूस मी पाहिला नाही. क्लच सोडायचा म्हटलं की ते क्लच सोडायचे आणि बरोबर स्टिअरिंगही सोडायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी शेजारच्या आल्याच्या शेतात गाडी घातली. शेतकरी काठी घेऊन धावत आला, आणि मफलरच्या आतून तात्यांचा चेहरा दिसताच "अध्यक्षसाहेब?" म्हणून थबकला.

"माजी," तात्या अभिमानानं म्हणाले, आणि त्याला आल्याचे पैसे दिले.

दुसऱ्या महिन्यात त्यांना रिव्हर्स जमला. सरळ पुढं जाणं मात्र अजून जमत नव्हतं. त्यामुळं एक दिवस ते आख्खा माळ मागच्या मागं हाकत गेले आणि परत आले. उतरल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. बारा वर्षांच्या जावईपणात ती पहिली थाप होती. गप्पाही तिथंच व्हायच्या. माझ्या दुकानाबद्दल, वैजूच्या लहानपणाबद्दल, साहेबाच्या जीपबद्दल. गावात आम्ही समोरासमोर आलो की ते रस्ता बदलायचे, आणि मी मान खाली घालायचो. बाजारातली माणसं हळहळायची. "अजून बोलत नाहीत का हो सासरे?" मी सुस्कारा सोडायचो. माझा सुस्कारा दिवसेंदिवस चांगला होत गेला.

असं वर्ष गेलं. तोवर तांबट रडकुंडीला आले होते. व्याख्यानमाला, सभासदांच्या तक्रारी, कपाटातली वाळवी, पंख्याखालच्या खुर्चीवरून होणारी भांडणं. दुकान बघायला त्यांना सवड मिळेना. दिवाळीच्या पाडव्याला त्यांनीच पुढाकार घेतला. दहा-बारा प्रतिष्ठित मंडळी गोळा केली, मला दुकानातून उचललं आणि तात्यांच्या सोप्यात नेऊन उभं केलं.

"तात्या," तांबट हात जोडून म्हणाले, "माझ्या कुकरमुळं तुमच्या घरात हे वितुष्ट आलं. मला हे पाप नको. सणाच्या दिवशी जावयाला जवळ घ्या."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. आदल्याच दिवशी आम्ही माळावर तिसरा गिअर टाकला होता. आता सुटका नव्हती. ते उठले, त्यांनी मला मिठी मारली. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. एका आजोबांनी डोळे पुसले. झुंबरही आला होता, तो माईकशिवायच "वा, वा!" म्हणून ओरडला. बाकी सगळ्यांच्या हातात चहाचे कप आले.

"आणि आता," तांबट म्हणाले, "आनंदाच्या भरात एक विनंती. मी आज राजीनामा देतो. घर एक झालं, आता तात्यांनी परत अध्यक्ष व्हावं. बिनविरोध!"

"बिनविरोध!" सगळे ओरडले.

तात्यांची मिठी अजून सुटली नव्हती. माझ्या पाठीवरची त्यांची बोटं एकदम रुतली.

"पाहुणं," ते माझ्या कानात कुजबुजले. "भांडण काढा."

"काय?"

"काहीही. आत्ताच्या आत्ता."

मी त्यांच्यापासून दूर झालो. सगळे माझ्याकडे कौतुकानं बघत होते. डोक्यात काही येईना. टेबलावर माझ्या वाटचा कप होता. मी एक घोट घेतला आणि कप जोरात टेबलावर आदळला.

"याला चहा म्हणतात?" मी ओरडलो. "वर्षानं जावई दारात आला, आणि त्याला हे पाणी?"

वैजूनं तोंडावर पदर धरला. तिचे खांदे हलत होते. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "चहा तांबटांनी हॉटेलातून मागवलाय. मी केलेला नाही."

तांबटांचा चेहरा पडला. "साळुंखे, चांगल्यातला चहा आहे तो..."

"माझ्या घरात, माझ्या पाहुण्यांचा अपमान!" तात्या गरजले. त्यांचे डोळे चमकत होते. "चालते व्हा! आणि तुम्ही सगळे ऐका. ज्या माणसाला स्वतःचा जावई आवरत नाही, तो वाचनालय काय आवरणार? मला ते अध्यक्षपद नको! पुन्हा नाव काढायचं नाही!"

मी ताठ मानेनं बाहेर पडलो. मागून वैजू आली. ओटा उतरेपर्यंत तात्यांचा आवाज चढतच होता. आख्ख्या आयुष्यात मला इतक्या प्रेमानं घराबाहेर कुणी काढलेलं नाही.